सुगडातलं रोप, बाटलीतलं फूल

मी छावणीतून बोलते आहे. बचत गटांची समन्वयक म्हणून पडेगाव, मिटमिटा, शरणापूर, दौलताबाद, गोलवाडी या बाजूला माझं जाणं-येणं असतं. एरवी आपण हप्ता, व्याज आणि बँकेचं पासबुक यांवर बोलतो. आज विषय वेगळा आहे. घरासमोर किंवा परसात जी फुलं आणि जी जाड पानांची झाडं आहेत, त्यांची घरात मांडणी कशी करायची, हे आज सांगणार आहे. पैसे जवळजवळ लागणार नाहीत, आणि पाणी तर फारच थोडं लागेल.

मार्गशीर्ष लागला आहे. आमच्या छावणीचा आठवडी बाजार गुरुवारचा, आणि मार्गशीर्षातले गुरुवार म्हणजे महालक्ष्मीच्या पूजेचे. त्यामुळे या महिन्यात बाजारात एका बाजूला शेळ्या-बैल आणि दुसऱ्या बाजूला झेंडू-शेवंतीचे ढीग असं दृश्य असतं. आपणही घटाला पाच झाडांच्या डहाळ्या लावतो, फुलं वाहतो. म्हणजे मांडणी आपल्याला नवीन नाही. पूजेची आरास, रुखवत, हळदीकुंकवाचं ताट, हे सगळं आपण हातानंच मांडत आलोय. फक्त ते सणापुरतं असतं. रोजच्या घरात, आपल्या डोळ्यांसमोर, असं काही असावं, एवढंच आज म्हणायचं आहे.

आता कुणी म्हणेल, "ताई, प्यायला पाणी नाही आणि तुम्ही शोभेच्या झाडांचं काय सांगता?" ही शंका खरी आहे. चैत्र-वैशाखात टँकरची वाट बघणाऱ्या गावांत मी बैठका घेतल्या आहेत. शहरातही नळाला काही दिवसांआड पाणी येतं. सासूबाई म्हणतात, "त्या शोभेच्या झाडाला घालायचं पाणी मेथीच्या वाफ्याला घाल." त्यांचं बरोबरच आहे. मेथी आधी. पण उन्हाळ्यात मोगऱ्याच्या मोठ्या कुंडीला रोज तांब्याभर पाणी लागतं, तर सुगडात लावलेल्या पानफुटीला आठवड्यातून दोन-तीन चमचे पुरतात. या दोन झाडांतला फरक कळला की पुढचं सगळं सोपं होतं.

जाड, मांसल पानांची किंवा खोडांची झाडं पाणी आपल्या अंगात साठवून ठेवतात. कोरफडीचं पान कापलं की आतला गर दिसतो, ती तिची पाण्याची टाकी. इंग्रजीत यांना 'सक्युलंट' म्हणतात आणि रोपवाटिकेत त्याच नावानं विकतात. नाव नवीन आहे, झाडं जुनीच आहेत. कोरफड, पानफुटी, घायपात, निवडुंग, शेर, चिनी गुलाब (याला कुणी ऑफिस टाइमही म्हणतं, कारण तो ऊन वर आल्यावर उमलतो), पानओवा, आणि ज्याला आपण घरोघरी ब्रह्मकमळ म्हणतो ते, ही सगळी याच जातकुळीतली. खरं ब्रह्मकमळ हिमालयात उगवतं. आपल्या कुंडीतलं हे मेक्सिकोकडून आलेलं, निवडुंगाच्या कुळातलं. पण रात्री उमलतं आणि सगळ्या गल्लीला जागवतं, म्हणून आपण त्याला तो मान दिला.

या झाडांची आणखी एक करामत आहे. बाकीची झाडं दिवसा पानांची बारीक छिद्रं उघडून हवा आत घेतात, आणि त्याच वेळी उन्हात त्यांचं पाणी उडून जातं. पानफुटीसारखी झाडं दिवसा छिद्रं बंद ठेवतात आणि रात्री, गारव्यात उघडतात. रात्री घेतलेली हवा आंबट आम्लाच्या रूपात पानात साठवतात आणि दिवसा वापरतात. याची एक जुनी नोंद आपल्याच देशात झाली. बेंजामिन हाइने नावाचे वनस्पतीतज्ज्ञ मद्रास इलाख्यात काम करत होते. त्यांना पानफुटीचं पान सकाळी आंबट लागलं, दुपारी बेचव आणि संध्याकाळकडे कडसर. त्यांनी हे लंडनला कळवलं आणि १८१५ साली ते छापून आलं. तुम्ही मात्र चव घेऊन बघू नका. पानफुटी जास्त खाण्यात आली तर गुरांनाही बाधते. ते मी पुढे सांगणार आहे.

आता कामाला लागू या. आधी भांडं.

संक्रांतीची सुगडं आपल्या घरात असतात. बोरं, ऊस, हरभरा, गाजर, ओंब्या भरून पुजून झाली की ती माळ्यावर जातात किंवा फुटतात. हीच सुगडं या झाडांसाठी फार चांगली. कच्च्या रंगाची भाजलेली माती पाणी शोषते आणि बाजूनं सुकवते, त्यामुळे मुळं कुजत नाहीत. प्लास्टिकच्या डब्यात हे होत नाही. सुगडाला फक्त तळाशी भोक हवं. सुगड रात्रभर पाण्यात भिजवा. सकाळी वाळूच्या पोत्यावर पालथं ठेवा आणि जुना पेचकस किंवा मोठा खिळा हातानं दाबत गोल-गोल फिरवा. हातोडी मारू नका, तडा जातो. नवीन घ्यायची असतील तर कुंभाराला आधीच सांगा, तो भाजण्यापूर्वीच भोक पाडून देतो. आपल्या शहरातल्या कुंभारवाड्यातही अशी सांगून करून घेता येतात. अक्षय्य तृतीयेचे करे, दिवाळीच्या मोठ्या पणत्या, कडा मोडलेलं परळ, तळ गंजलेलं घमेलं, हे सगळं चालतं.

दुसरं, माती. आपल्याकडची काळी कपाशीची माती शेतात सोनं आहे, पण सुगडात ती नको. ओली झाली की चिखल होते, सुकली की भेगा पडतात, आणि ओल धरून मुळं कुजवते. दोन भाग जाड वाळू किंवा विटांचा चुरा, एक भाग साधी माती आणि एक भाग जुनं, पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत घ्या. मुरूम जवळ असेल तर वाळूऐवजी चाळलेला मुरूम घ्या. मिश्रण मुठीत घट्ट दाबून सोडलं की ते ढासळलं पाहिजे. लाडू वळला, तर वाळू कमी पडली असं समजा.

तिसरं, रोप. विकत घ्यायची गरज नाही. शेजारणीकडे हात पसरा, या बाबतीत मागण्यात कमीपणा नाही. कोरफडीच्या बुडाशी पिल्लं असतात, ती मुळांसकट काढा. चिनी गुलाबाची बोटभर फांदी तोडा. ब्रह्मकमळाचं जे पान आपण म्हणतो, ते खरं चपटं खोड असतं. त्याचा वीतभर तुकडा लागतो. पानफुटीचं तर नावच सांगतं, पानाच्या कडेला खाचांतून पिल्लं फुटतात. एक पान ओलसर वाळूवर आडवं ठेवा आणि विसरून जा. महिनाभरात पाच-सहा रोपं मिळतात.

एक नियम मात्र पाळा. तोडलेली फांदी लगेच लावायची नाही. सावलीत दोन-तीन दिवस ठेवा, ब्रह्मकमळासारखा जाड तुकडा असेल तर पाच-सहा दिवस. कापलेली जागा सुकून तिच्यावर खपली धरते. ओल्या जखमेनं मातीत गेलेली फांदी सडते. लावल्यावरही तीन-चार दिवस पाणी देऊ नका. आपल्या हाताला पाणी घालायची सवय असते. ती इथे आवरावी लागते. ही झाडं तहानेनं क्वचित मरतात, मायेनं जास्त मरतात.

आता मांडणी. फुलं आणि ही झाडं एकत्र ठेवायची म्हणजे एक अडचण येते. कापलेल्या फुलाला सतत पाणी हवं आणि या झाडांना कोरडी माती हवी. एका भांड्यात दोघांचं कसं जमायचं? उपाय सोपा आहे. होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या किंवा औषधाच्या रिकाम्या, स्वच्छ धुतलेल्या छोट्या बाटल्या घ्या. त्या मातीत गळ्यापर्यंत रोवा आणि त्यांत पाणी भरून फुलं ठेवा. बाटलीचं तोंड बारीक खड्यांनी झाकलं की फुलं मातीतून उगवल्यासारखी दिसतात. झाडं कायमची राहतात. फुलं बदलत राहायची. आज शेवंती, पुढच्या आठवड्यात अष्टर, दसऱ्याला झेंडू.

मोठ्या घमेल्यात किंवा परळात मांडताना तीन प्रकारची झाडं घ्या. एक उभं, एक बसकं, एक लोंबतं. उभ्यासाठी कोरफड किंवा स्नेक प्लांट, बसक्यासाठी पानफुटी किंवा जेड, आणि कडेनं लोंबायला चिनी गुलाब. उभं झाड मधोमध न लावता थोडं एका बाजूला लावा, नाहीतर मांडणी देवळाच्या शिखरासारखी ताठ दिसते. मोकळी जागाही ठेवा. सगळं गच्च भरलं की डोळ्याला विसावा मिळत नाही, आणि झाडांनाही वाढायला जागा राहत नाही. रिकाम्या जागी खामच्या पात्रातले किंवा शेतातले गुळगुळीत गोटे ठेवा. मग त्यात दोन-तीन बाटल्या रोवा. फुलांचे रंग दोनच ठेवा. पिवळा झेंडू आणि पांढरी शेवंती, किंवा तांबडा-पिवळा गलांडा आणि हिरवी पानं. रंगांची जत्रा केली की एकही रंग नीट दिसत नाही.

फुलं कधी तोडायची? सकाळी ऊन चढण्याआधी, किंवा संध्याकाळी ऊन उतरल्यावर. दुपारी तोडलेलं फूल आधीच मरगळलेलं असतं. देठ पाण्यात बुडवून तिरपा कापा. पाण्यात बुडणारी पानं काढून टाका, तीच आधी सडतात. पाणी रोज बदला, बाटली असते तरी केवढी! कुठलं फूल किती टिकतं तेही लक्षात घ्या. शेवंती नीट ठेवली तर आठवडाभर टिकते. निशिगंधाची दांडी खालून वर उमलत जाते, म्हणून खालची सुकलेली फुलं काढत गेलं की ती बरेच दिवस चालते. जास्वंदीचं फूल एका दिवसाचंच, पाण्यात ठेवा की बाहेर. मोगरा तासांचा सोबती, तो वेणीत किंवा वाटीत शोभतो, बाटलीत नाही.

एक दिवसाचा कार्यक्रम असेल तर तिसरा प्रकार करा. घंगाळ किंवा पितळी परात पाण्यानं भरा. त्यात झेंडू, जास्वंद, गोकर्ण अशी फुलं तरंगत सोडा आणि कडेनं पानफुटीची पानं लावा. कार्यक्रम झाला की पाणी झाडांना घाला, फुलं खतात टाका, आणि पानफुटीची पानं वाळूवर ठेवा. त्यातून नवी रोपं होतील. काहीच वाया जात नाही.

जपणुकीचं थोडं सांगते. या झाडांना उजेड हवा. अंधाऱ्या कोपऱ्यात ती उंच, पांढुरकी आणि लुळी होतात. वट्ट्यावर, खिडकीत, जिथे सकाळचं ऊन येतं तिथे ठेवा. घरात पाहुणे येणार असतील त्या दिवशी आत आणा आणि दोन-तीन दिवसांनी परत उजेडात न्या. वैशाखातलं दुपारचं ऊन मात्र कोरफडीलाही लाल करतं, तेव्हा सावली द्या. पाणी घालण्याआधी बोट मातीत घाला. बोट कोरडं निघालं तरच पाणी. हिवाळ्यात दहा-पंधरा दिवसांनी, उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा-दोनदा, आणि पावसाळ्यात सुगड पत्र्याखाली ठेवा, बाकी त्याचं तो बघेल. बोअरच्या जड पाण्यानं सुगडावर पांढरे क्षार चढतात. भांडी विसळलेलं पाणी चालेल, पण साबणाचं नको.

पानांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं काही दिसलं तर तो पिठ्या ढेकूण समजा. कापसाच्या बोळ्यावर स्पिरिट घेऊन पुसून काढा, किंवा लिटरभर पाण्यात चमचाभर निंबोळी तेल आणि थोडा साबण घालून फवारा. या किड्याच्या एका भावंडाची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. फड्या निवडुंग मूळचा अमेरिकेतला. तो आपल्या देशात आला आणि गावठाणं, बांध, रानं व्यापून बसला. १७९५ साली ब्राझीलहून असेच पांढरे कापूसवाले किडे भारतात आणले गेले. त्यांच्यापासून लाल रंग मिळतो असं वाटलं होतं. पण चांगल्या रंगाचा किडा वेगळा निघाला. आणलेल्या किड्यानं चांगला रंग काही दिला नाही, पण निवडुंगाच्या एका जातीचा फडशा पाडला. दुसऱ्या जातीवर तो चालला नाही, तेव्हा १९२६ साली श्रीलंकेहून दुसरा किडा आणावा लागला. ही गोष्ट सांगायचं कारण असं की बिनपाण्याचं झाड हे बिनलगामाचंही असू शकतं. छाटलेल्या फांद्या नाल्यात, खामच्या काठाला किंवा गायरानात टाकू नका. तिथेच वाढतील. वाळवून मगच फेका.

आणि उलट बाजूही बघा. रानातून उपटून आणू नका. डोंगरावरची माकडशिंग, कंदीलपुष्पाचे प्रकार यांची जागा डोंगरच. शिंदळ माकुडी नावाचं एक मांसल झाड फक्त आपल्या महाराष्ट्रात सापडतं, शिवनेरी, सज्जनगड अशा गडांच्या कड्यांवर. लालसर, चांदणीसारखं फूल येतं. शास्त्रीय नाव फ्रेरिया इंडिका, मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्यावरून दिलेलं. आता ते दुर्मिळ झालं आहे. असलं झाड कुणी विकायला आणलं तरी घेऊ नका.

आता जपायची गोष्ट. शेर आणि निवडुंगाचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते. छाटताना हात झाका, आणि डोळ्यात गेलाच तर भरपूर पाण्यानं धुवून थेट दवाखाना गाठा. कण्हेर आणि अडेनियम विषारी आहेत. पानफुटी गुरांच्या, शेळ्यांच्या तोंडी लागू देऊ नका. ज्या घरात रांगतं मूल आहे तिथे काटेरी किंवा चिकाचं झाड खाली ठेवायचंच नाही. काही जणी म्हणतात, "निवडुंग घरात असला की भांडणं होतात." निवडुंग कुंपणाला ठेवा, पण काट्यांसाठी. भांडणं निवडुंगामुळे होत नाहीत. ती नळावर होतात आणि वाटणीवरून होतात.

यातून चार पैसे मिळतील का, असं गटांत मला विचारतात. हिशेब मांडू. समजा सुगड पंधरा रुपयांचं, मातीचं मिश्रण तीन रुपयांचं, दोरा-कागद दोन रुपयांचा. रोप घरचं. एका सुगडाला वीस रुपये खर्च. साठ सुगडं केली तर बाराशे रुपये. त्यांतली दहा मरतील किंवा फुटतील असं धरा. पन्नास सुगडं पंचेचाळीस रुपयांनी विकली तर बावीसशे पन्नास. हातात उरले एक हजार पन्नास. आता आपली मजुरी. तासाला सहा सुगडं भरून होतात, म्हणजे दहा तास, आणि निगराणीचे पाच. पंधरा तासांचे एक हजार पन्नास, म्हणजे तासाला सत्तर रुपये. बरे की वाईट, ते गटानं ठरवायचं. माझे आकडे तुमच्या बाजारात विचारून बदला. पण आपल्या हाताचे तास हिशेबात धरा. ते न धरल्यामुळेच पुष्कळ गटांचे धंदे कागदावर नफ्यात आणि अंगावर तोट्यात जातात.

यासाठी वेळही बरोबर आहे. आज पान वाळूवर ठेवलं, फांदी सुकायला ठेवली, तर संक्रांतीपर्यंत सुगडात रोप उभं राहतं. हळदीकुंकू तर रथसप्तमीपर्यंत चालतं. दर वर्षी वाण म्हणून आपण प्लास्टिकचे डबे, चाळण्या, साबणाच्या पेट्या लुटतो. प्रत्येकीच्या घरात अशा डब्यांची उतरंड झाली आहे. या वर्षी वाण म्हणून सुगडातलं रोप लुटून बघा.

वाणाचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट बोलल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.

आमच्या गटांपैकी एकात एक काकू आहेत. गावातली सगळ्यात चांगली बाग त्यांची. अबोली, शेवंती, मोगरा, सगळं त्यांच्या हातानं फुलतं. कुणाच्या घरी पूजा असली, लग्न असलं, की फुलं त्यांच्याकडून जातात. वेण्या त्याच गुंफतात. आणि हळदीकुंकवाच्या दिवशी त्या आत चुलीजवळ बसलेल्या असतात, तिळाच्या वड्या थापत. त्यांचे मालक वारून बारा वर्षं झाली. बाहेर बायका एकमेकींना फुलं देतात, ती फुलं त्यांच्याच परसातली असतात, आणि त्यांना कुणी बाहेर बोलवत नाही. कुणी वाईट वागत नाही हो. सगळ्या त्यांना मानतात. फक्त पद्धत आहे, म्हणून कुणी बोलवत नाही, आणि पद्धत आहे म्हणून त्याही येत नाहीत.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावानं ठराव केला. नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं, या प्रथा गावात बंद. त्याच महिन्यात राज्य शासनानं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. कागद आला. पण कागद काही चुलीजवळ जाऊन कुणाचा हात धरत नाही. ते काम शेजारणीचं आहे.

झाडाचं वाण इथे उपयोगी पडतं, असं मला वाटतं. कुंकू लावायचं म्हटलं की काहींचा हात थबकतो, घेणारीचाही आणि लावणारीचाही. काही वेळा त्या बाईलाच ते नको असतं, तेही आपण मानलं पाहिजे. पण हातात रोप द्यायला कुठलं शास्त्र आडवं येतं? मातीला विधवा-सवाष्ण कळत नाही. गटात दहा जणी असतील तर दहाही जणींना वाण द्या. आमंत्रण द्यायला स्वतः जा, निरोप धाडू नका. निरोप धाडला तर ती म्हणेल, "नको बाई, मी येते वड्या करायला." दारात उभ्या राहून म्हणा, "काकू, यंदा वाण तुमच्या बागेतलं आहे. तुम्ही नाही आलात तर लुटायचं कुणी?" पहिलं रोप त्यांच्या हातून द्या. कुंकू ज्यांना हवं त्यांना लावा, नको त्यांना नको. गटाची बैठक असेल तर हे तोंडी ठेवू नका. इतिवृत्ताच्या वहीत ठराव लिहा, की आपल्या गटाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमाला सर्व सदस्यांना समान वाण दिलं जाईल. खाली सगळ्यांच्या सह्या. वहीत आलं की पुढच्या वर्षी कुणाला नव्यानं धीर करावा लागत नाही.

घरात कुणी कुरकुर करेल. करू द्या. वाद घालत बसू नका. रोप हातात दिल्यावर बाई ते घरी नेते, वट्ट्यावर ठेवते, आणि वर्षभर त्याच्यात दोन चमचे पाणी घालते. कुरकुर तितके दिवस टिकत नाही.

आता या आठवड्याचं काम सांगते, वही जवळ असेल तर लिहून घ्या. एक, घरातली जुनी सुगडं, पणत्या, घमेली शोधून धुऊन ठेवा. दोन, पानफुटीची चार पानं वाळूवर ठेवा, आणि चिनी गुलाबाच्या दहा फांद्या तोडून सावलीत सुकवा. तीन, औषधाच्या छोट्या बाटल्या फेकू नका. चार, पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं एक तरी जास्तीचं रोप आणायचं आणि अदलाबदल करायची. कुणाकडे कोरफड जास्त असेल, कुणाकडे जेड. आणि पाच, गटातली कोण दर वर्षी आत चुलीजवळ बसते, ते मनात आठवा. नाव मोठ्यानं घ्यायची गरज नाही. तिच्या दारी कोण जाणार, एवढं फक्त ठरवा.

तुमच्या मांडण्या कशा झाल्या ते तुमच्या गटाच्या ताईला जरूर सांगा. पुढच्या वेळी आपण परत हप्त्यांकडे वळू, कर्ज घेताना कुठली कागदं वाचून मगच अंगठा किंवा सही करायची, त्यावर बोलू. तोपर्यंत बोट मातीत घालून बघा, कोरडं असेल तरच पाणी घाला. नमस्कार.